वाडीची गाडी

गाडी चांगली असण्याचा त्रास काय असतो, ते मला विचारा. भंगार गाडी घेतली असती तर आज माझी पाठ बरी असती, गुडघे बरे असते, आणि अर्ध्या ताटावरून उठायची सवय मला लागली नसती. पण मी घेतली जपानी कंपनीची. ती कधीतरी बंद पडेल म्हणून वाट बघता बघता मीच म्हातारा झालो.

आमची वाडी रत्नागिरीपासून बरीच आत. मी शहरात एका कचेरीत कारकून होतो, रोज एस.टी.नं जाऊन येऊन. निवृत्ती जवळ आली तेव्हा गाडीचं मनात आलं, आणि तेही माझ्या नव्हे, हिच्या. हिचं माहेर अंजनवेल. इथून जायचं म्हणजे आधी चिपळूणची बस, तिथून गुहागरची, गुहागरला उतरून पुन्हा तिसरी. लग्न झाल्यापासून ही तशीच जात आली. मांडीवर पिशवी, पिशवीवर लेक. पुढं लेकीचं लग्न झालं, ती पुण्याला गेली, मांडीवर नुसती पिशवी राहिली. हिचं मागणं फार मोठं नव्हतं. एकदा आपल्या स्वतःच्या गाडीतून, पुढच्या सीटवर बसून, चांगल्या उजेडी माहेरच्या रस्त्यानं जायचं. रस्त्यावरच्या बायकांनी बघायचं, हिनं हात करायचा. एवढंच.

दुकानात गेलो तर तिथल्या विक्रेत्यानं चहा पाजून कंपनीची सगळी कुळकथाच सांगितली. ही कंपनी म्हणे मुळात मोटारवाली नव्हेच. जपानात कुठंतरी कापड विणायचे माग बनवायची. मूळ पुरुष सुतारकाम शिकलेला. आई मागावर राबते ते त्याला बघवेना, म्हणून त्यानं पहिला चांगला माग तिच्यासाठी केला. पुढं कापडाचा धंदा बसला, तेव्हा सायकलला इंजिन लावून विकलं, मग छोट्या मोटारी, मग आपल्या सरकारशी जमवून घेऊन इकडं कारखाना. ज्या देशात रस्ते अरुंद आणि पेट्रोल महाग, तिथल्या माणसाला काय लागतं ते यांना आधीच ठाऊक होतं, असं तो म्हणाला. मी कारकून माणूस, नंतर हे सगळं इकडंतिकडं वाचून पडताळून पाहिलं. बरंचसं खरं निघालं. हिला मात्र त्यातलं मागाचंच तेवढं पटलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "आईसाठी माग करणारा माणूस गाडी पण धडच करील." झालं, ठरलं.

गाडी खरंच धड निघाली. हातखंब्यापासून सावर्ड्यापर्यंत हायवेला कुठल्याही गॅरेजसमोर उभी करा, सुटा भाग मिळणार. मिस्त्री बॉनेट उघडून आत नीट बघतसुद्धा नाही, त्याला ती पाठ असते. मांडवीला समुद्रावर गाडी लावली की शेजारच्या तसल्याच गाडीचा मालक हमखास खिडकीशी येतो. "कितवं मॉडेल? किती देते?" मी सांगतो, मग तो सांगतो, आणि दोघंही थोडं वाढवून सांगतो. मग त्याचं ठरलेलं वाक्य येतं, "काही म्हणा, डोक्याला ताप नाही." या गाडीच्या प्रेमात पडलेल्या माणसांचं एवढंच म्हणणं असतं. कोणी तिला देखणी म्हणत नाही, कोणी वेगवान म्हणत नाही. सकाळी किल्ली फिरवली की सुरू होते, यावरच लोक खूश. मीही होतो, पहिले काही महिने.

मग आमच्या वाडीत एका बाईला कापणी करताना फुरसं चावलं. वाडीत चारचाकी फक्त माझी. तिला मागच्या सीटवर आडवी घातली, ही तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि मी शहरातल्या सरकारी इस्पितळात नेऊन सोडली. बाई वाचली. पुढं एकाला झाडावरून पडून मार बसला, तोही वाचला. कोणाचं बाळंतपण, कोणाचा दमा, कोणाचा आकडीचा आजार. सगळी परत आली. मग हळूहळू बोललं जायला लागलं की भाऊंच्या गाडीतून गेलेला माणूस परत येतो. भाऊ म्हणजे मी. एक म्हातारे इस्पितळात तिसऱ्या दिवशी गेले, तेव्हा मला वाटलं, आता तरी सुटलो. छे. वाडी म्हणाली, त्यांना परत आणलं ते दुसऱ्या गाडीतून, म्हणून तसं झालं. आता याच्यापुढं काय बोलणार.

त्यावर शिक्का बसला तो शिमग्यात. पालखी घरोघर फिरत आमच्या अंगणात आली. नारळ ठेवला, मानकरी गावकारानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडं देवीला गाऱ्हाणं घालतात ते सगळ्यांसाठी, गुराढोरांपासून मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत. ते सगळं झालं आणि मग गावकार गाडीकडं वळून म्हणाला, "ह्या गाडीला यश दे, ही वाडीच्या उपेगी पडू दे, हिच्यातनं जाईल त्याला सुखरूप घरला आन." सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो. काय करणार, पालखीसमोर गप्प कसं बसायचं. त्या दिवसापासून हप्ते माझे आणि गाडी वाडीची. ही आत जाऊन मला म्हणाली, "इतकी वर्षं ह्या घरात राबतेय, माझं नाव कधी गाऱ्हाण्यात आलं नाही. गाडीचं आलं."

खरं सांगायचं तर मी दमलो. लोक वाईट नव्हते. कोणी फणस आणून ठेवी, कोणी कुळथाचं पीठ. पण हाक आली की उठायचं, ते जन्माचं मागं लागलं. लेकीकडं पुण्याला जायचं ठरवलं की कोणाचा तरी पाय मोडायचा. सरकारी रुग्णवाहिका आता आमच्याकडं येते, फोन केला की चांगली येते, आत ऑक्सिजनही असतो. पण वाडीचं म्हणणं, ती गाडी कशी असेल काय माहीत, तिच्यातनं कोण कोण गेलेलं असतं. माझ्या गाडीत ऑक्सिजन नाही, नुसतं गाऱ्हाणं आहे. तरी माणसं माझ्या फाटकाशी.

हिची आई गेली ती याच पायी. म्हणजे ती म्हातारपणानं गेली, पण ही पोचली नाही ती याच पायी. हिच्या भावाचा, म्हणजे आमच्या दादांचा, सकाळी फोन आला, आईचं काही खरं नाही, निघून ये. आम्ही लगोलग निघालो. ही पुढच्या सीटवर बसलीसुद्धा. तेवढ्यात शेजारचे आप्पा फाटकात येऊन उभे. त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, पहिलटकरीण, दिवस भरायच्या आधीच. त्या काळात वाडीत फोनला रेंजही धड नव्हती, कधी यायची, कधी जायची, रुग्णवाहिका बोलवायची तर वर माळावर जावं लागे. मी हिच्याकडं बघितलं. ही उतरली. म्हणाली, "तुम्ही जा तिला घेऊन. मी बसनं जाते." तीन बसेस बदलून ही संध्याकाळी पोचली, तेव्हा सगळं आटोपून माणसं अंघोळी करून बसली होती. इकडं आप्पांच्या सुनेला मुलगी झाली. दोघी सुखरूप. ती पोर आता शाळेत जाते आणि हिला आजी म्हणते. हिनं त्या दिवसाबद्दल मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त माहेरी गाडीनं जायची गोष्ट काढायची सोडून दिली.

यंदा दिवाळीच्या सुमाराला दोन गोष्टी झाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरनं माझ्या डोळ्यांत थेंब घालून, दिवे लावून तपासलं आणि काचबिंदू म्हणून सांगितलं. समोरचं दिसतं म्हणून मला कळत नव्हतं, पण कडेचं दिसणं कमी होत चाललंय. पुढच्या तपासणीपर्यंत चालवायचीच तर दिवसा आणि हळू, मग बंद. आणि तेवढ्यात दादांचा फोन. त्यांचा मुलगा त्यांना कायमचं मुंबईला न्यायला आलाय. परवा निघणार, घराला कुलूप. हिनं फोन ठेवला. मग म्हणाली, "दार उघडायला कोणीतरी आहे तोवर जाऊया. आपल्या गाडीनं. नंतर तुम्हाला पण चालवता यायची नाही."

मी हो म्हटलं. वाडीत कोणालाही न सांगता सकाळी निघालो, चोरासारखे. चिपळूणच्या लांबच्या वाटेनं न जाता जयगडला गेलो. तिथून गाड्या फेरीबोटीवर चढवून खाडीपल्याड तवसाळला उतरता येतं, तिथून अंजनवेल त्या मानानं जवळ. हिनं घावणे करून घेतले होते, दादांना आवडतात म्हणून. पुढच्या सीटवर पदर नीट करून बसली होती, आणि वळण आलं की मला सांगत होती, "डावीकडं माणूस आहे हो, सायकल आहे." माझ्या कडेच्या दिसण्याची जागा तिनं घेतली होती.

धक्क्यावर रांगेत उभे होतो. बोट पलीकडून येताना दिसत होती. आणि फोन वाजला. आप्पांची सून. आप्पांच्या छातीत सकाळपासून दुखत होतं, आता घामानं भिजलेत. रुग्णवाहिका बोलावली, ती दारात येऊन उभी आहे. "पन ते बसत नाय ओ भाऊ. बोलतात भाऊंची गाडी येऊ दे. ह्यांचं पन तेच. सगळी अंगनात जमलीत, कोन ऐकत नाय. तुमी कुठं हाव?"

मी जयगडला आहे म्हटलं. परत यायला तास तरी हवा, माझ्या डोळ्यांनी त्याहून जास्त. तेवढा वेळ आप्पांकडं आहे की नाही कोणाला ठाऊक. तरी मी म्हणालो, "आलोच." तोंडातून सवयीनं तेच निघालं, आणि दुसरा हात रिव्हर्सवर गेलासुद्धा. बोट धक्क्याला लागत होती. मला रडायला येईल असं वाटलं, इतका मी कंटाळलो होतो. शेजारी ही, मांडीवर घावण्यांचा डबा. पुन्हा उतरायला सांगायचं तिला, आणि कुठल्या तोंडानं.

हिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला. सुनेला म्हणाली, "आप्पांच्या कानाला लाव." मग म्हणाली, "आप्पा, गाडी विकली."

मी काही म्हणायच्या आत ती पुढं म्हणाली,

"आज द्यायलाच चाललोय. माझ्या भाच्याला, दादाच्या मुलाला दिली, मुंबईला जाणार ती. आम्ही येऊ एस.टी.नं. आमच्याकडं आता गाडी नाही."

फोन माझ्या कानापासून लांब होता, तरी आप्पांचा दमलेला आवाज मला ऐकू आला. "वाडीला न इचारता?" माणसाच्या छातीत कळ येतेय, आणि हे. ही म्हणाली, "हो, न विचारता. आता दारात जी उभी आहे तिच्यात बसा. दुसरी येणार नाही." आणि फोन बंद केला.

तिनं ते इतक्या सरळ सांगितलं की मी तिच्याकडं बघतच राहिलो. ते वाक्य तिला त्या क्षणी सुचलेलं नव्हतं. कितीतरी वर्षं ते तिच्या तोंडात तयार होतं, फक्त बाहेर काढलं नव्हतं. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मी गाडी बोटीवर चढवली. खाडीच्या मध्यावर सुनेचा फोन आला, बसले एकदाचे, रुग्णवाहिका निघाली. मी हिला विचारलं, "भाच्याला सांगितलंयस का गाडीचं?" ती म्हणाली, "सांगीन आता गेल्यावर."

अंजनवेलला दादा पायरीवर बसूनच होते. हिनं डबा त्यांच्या हातात दिला आणि त्यांना तसंच गाडीत बसवलं. मग मी गावातून गाडी फिरवली, अगदी हळू. गोपाळगडाच्या बाजूला नेली, वीज कंपनीच्या रुंद रस्त्यावरून नेली, देवळाशी नेली. ही खिडकीत कोपर टेकून बसलेली. बायका पाण्याच्या हंड्यांसकट थांबून बघत होत्या. हिच्या बरोबरीची एक म्हातारी झालेली मैत्रीण गाडीशी येऊन म्हणाली, "गो, तुझी गाडी?" ही म्हणाली, "माझी." मला इतकं बरं वाटलं, आणि इतकं वाईटही. एवढ्यासाठी इतकी वर्षं लागावीत.

भाचा आधी तयार होईना. मुंबईत लावायची कुठं, मॉडेल जुनं, काका तुम्हाला लागेल. हिनं त्याचं काही चालू दिलं नाही. पैशाचं बोलणं त्यानं काढलं, तेही तिनं थांबवलं. शेवटी दादाच म्हणाले, रेल्वेत कंबर धरते, गाडीनं गेलो तर आडवं होता येईल. तो विषय तिथं संपला. दुपारी सुनेचा पुन्हा फोन आला. आप्पा शुद्धीवर होते, धोका टळला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास थांबला असतात तर कठीण होतं. मी फोन ठेवला आणि ओटीवरच आडवा झालो. दिवसा झोप लागणाऱ्यातला मी नव्हे, पण त्या दिवशी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांना उशा लावून मागच्या सीटवर बसवलं. भाच्यानं किल्ली फिरवली, पहिल्या फटक्यात सुरू झाली. जाताना दादांनी मागं वळून घराकडं बघितलं नाही, आणि हिनंही गाडीकडं बघितलं नाही, दाराला कुलूप घालत होती. आम्ही दोघं पिशवी घेऊन बसथांब्यावर आलो. अंजनवेल, गुहागर, चिपळूण. पुन्हा तेच सगळं. मी खिडकीशी बसलो होतो. माझे पाय रिकामे होते आणि ब्रेक लागला की उजवा पाय आपोआप दाबला जात होता. आता कोणी हाक मारणार नाही, हे मी स्वतःला परत परत सांगत होतो. त्याचा आनंद काही येत नव्हता, नुसता थकवा येत होता, सगळ्या वर्षांचा एकदम.

सावर्ड्याला बस बराच वेळ थांबली. बाजारचा दिवस, चढउतार चाललेली. ही एकदम म्हणाली, "आई गेली त्या दिवशी मला हे सुचायला हवं होतं. गाडी नाही म्हणून सांगायचं."

मी म्हटलं, "त्या दिवशी रुग्णवाहिका वेळेत आली नसती."

"माहीत आहे मला." तिचे डोळे भरून आले होते, आणि ती ते लपवत नव्हती. "म्हणून तर. तसं सांगितलं असतं तर आई भेटली असती, आणि ती पोर नसती. रोज संध्याकाळी आजी म्हणून माझ्या अंगावर येऊन पडते. मी तिला जवळ घेते आणि मला आई आठवते. तिला मी नको कशी म्हणू? आणि आईचं कोणाकडं मागू? रागवायला तरी कोणी ठेवलंय का मला?"

मी तिच्या मांडीवरची पिशवी माझ्या मांडीवर घेतली. कंडक्टरनं दार ओढून घेतलं आणि बस रत्नागिरीच्या रस्त्याला लागली.